पानाची फट मोजताना: पर्णरंध्रांच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ सप्टेंबर

विषय पक्का झाला. सहा वनस्पती, पानाच्या दोन्ही बाजू, चौरस मिलिमीटरला किती पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची उघडणारी-मिटणारी सूक्ष्म छिद्रं. सोपं वाटलं म्हणूनच घेतलं होतं. मॅडमनी कागद वाचला आणि विचारलं, "मोजून झाल्यावर त्या आकड्यांचं काय करणार आहेस?" उत्तर सुचलं नाही. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

आज फक्त मायक्रोस्कोपची मापं घेतली. ४०च्या भिंगाखाली दिसणाऱ्या गोलाचा व्यास ०.४५ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मिमी. १०च्या भिंगाखाली व्यास १.८ मिमी, क्षेत्रफळ २.५४ चौरस मिमी. नेत्रभिंगातल्या मोजपट्टीचं एक घर ४०च्या भिंगाखाली २.५ मायक्रॉनचं.

६ सप्टेंबर

पद्धत नेहमीचीच. पानाला नेलपेंटचा पातळ हात, दहा मिनिटं वाळवायचं, वर सेलोटेप दाबून ओढायचं आणि तीच टेप स्लाइडवर. पहिले चार ठसे वाया गेले. नेलपेंट जाड लावलं की बुडबुडे येतात आणि बुडबुडा हुबेहूब रंध्रासारखा दिसतो. मी दोन बुडबुडे मोजलेही होते.

सरासऱ्या अशा: जास्वंदीच्या खालच्या बाजूला १५७, वर जेमतेम ६. मक्याच्या दोन्ही बाजूंना, वर ५७ आणि खाली ६९. सूर्यफुलालाही दोन्हीकडे, खाली १७६, वर १२०. पण पानावरच्या राठ केसांमुळे ठसे फाटतात. केन्याच्या खालच्या बाजूला ५०. रिओला सर्वांत कमी, खाली २३; वरच्या बाजूला तर सहा ठिकाणी मिळून तीनच सापडली.

रिओ मात्र ठशात बघायची गोष्ट नाही. पान मोडून खालच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा ओढला आणि पाण्याच्या थेंबात ठेवला. जांभळ्या फरशीत मध्येच हिरव्या खिडक्या बसवाव्यात तसं दिसतं. आसपासच्या पेशी जांभळ्या रसाने भरलेल्या, आणि मध्ये फटीच्या दोन बाजूंना घेवड्याच्या दाण्यांसारख्या दोन रक्षक पेशी, बिनरंगी, आत हरितलवकांचे हिरवे ठिपके. त्यांच्या भोवती चार सहायक पेशी चौकटीसारख्या. दोन रंध्रं एकमेकांना चिकटून कुठेच नाहीत. मध्ये किमान एक पेशी असतेच. हे नंतर कळलं की नियमच आहे: रंध्र तयार होताना शेजारच्या पेशींना तसं होण्यापासून अडवलं जातं.

मक्याच्या रक्षक पेशी घेवड्याच्या दाण्यासारख्या नाहीत. गवतांमध्ये त्या डंबेलसारख्या असतात, टोकं फुगीर आणि मधला दांडा ताठ. टोकं फुगली की दांडे सरळच्या सरळ बाजूला होतात.

९ सप्टेंबर

कण्हेरीच्या खालच्या बाजूच्या ठशावर एकही रंध्र नाही. तीन वेळा केलं. शेवटी पानाचा आडवा काप घेतला तेव्हा उलगडलं: रंध्रं पृष्ठभागावर नाहीतच, खोल खळग्यांत आहेत आणि खळग्याच्या तोंडाशी केसांचं जाळं. नेलपेंट तिथवर पोहोचतच नाही. खळग्यातली हवा दमट राहते, वारा तिथे शिरत नाही, म्हणून पाणी हळू जातं. कण्हेर प्रकल्पातून वगळली, काप मात्र जपून ठेवला.

१४ सप्टेंबर

नुसती संख्या पुरेशी नाही हे पटलं, म्हणून सूर्यफुलाच्या एकाच रोपावर दिवसभर फटीची रुंदी मोजली. सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत दर दोन तासांनी ठसा, दर वेळी वेगळं पान.

निकाल विचित्र आहे. सकाळी १० वाजता ६ मायक्रॉन. रात्री १० वाजता ५ मायक्रॉन. म्हणजे रात्री रंध्रं जवळपास उघडीच? पाठ्यपुस्तकात एक ओळ असते, दिवसा उघडतात, रात्री मिटतात. एकतर ओळ चुकीची किंवा मी.

१५ सप्टेंबर

मी.

मॅडमनी ठसे पाहिले आणि एवढंच विचारलं, "ठसा नेमका कशाचा घेतलास?" रक्षक पेशींच्या बाहेरच्या काठावर क्यूटिकलची, म्हणजे पानावरच्या मेणचट आवरणाची, ओठासारखी कड असते. खरी फट त्या ओठांच्या खाली, आत असते. नेलपेंट दाट असतं, ते ओठांपाशीच थांबतं. त्यामुळे मी दोन ओठांमधलं अंतर मोजत होते, आणि आतलं दार बंद झालं तरी ते अंतर फारसं बदलत नाही. ठसा संख्या मोजायला उत्तम; रुंदी मोजायला फसवा. कालचे सगळे आकडे रद्द. वहीतून फाडले नाहीत, वर तिरकी रेघ मारली.

१८ सप्टेंबर

आता केना. या कामात केन्याच्या कुळातल्या वनस्पती अनेक दशकं वापरल्या गेल्या, आणि कारण हातात घेतल्यावर कळतं: पान अलगद मोडून ओढलं की खालच्या बाजूचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघतो.

अंधारात ठेवलेल्या रोपाचे पापुद्रे काढले. अर्धे ऊर्ध्वपातित पाण्यात, अर्धे ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (१०० मिलीला ०.३७ ग्रॅम). दोन्ही बशा दिव्याखाली. तीन तासांनी प्रत्येकी तीस रंध्रं मोजली: पाण्यात सरासरी ३ मायक्रॉन, पोटॅशियमच्या द्रावणात ९. पोटॅशियमवाल्या बशीत रंध्रं नुसती उघडी नव्हती, आ वासून होती.

यामागची यंत्रणा आज पहिल्यांदा नीट समजली. रक्षक पेशीच्या पटलावर प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप असतो. प्रकाशातल्या निळ्या भागाने तो चालू होतो. त्यासाठी फोटोट्रोपिन नावाची प्रथिनं निळा प्रकाश ओळखतात. प्रोटॉन बाहेर गेले की पेशीच्या आत ऋण प्रभार वाढतो आणि पोटॅशियम आत ओढलं जातं. सोबत क्लोराइड येतं किंवा पेशी स्वतः मॅलिक आम्ल बनवून तोल सांभाळते. आत क्षार वाढले की पाणी मागोमाग. मिटलेल्या रंध्राच्या रक्षक पेशीत पोटॅशियम १०० मिलिमोलरच्या आसपास असतं, उघडल्यावर ते ४०० ते ८०० पर्यंत चढतं. काही वनस्पतींत उघड्या रंध्राच्या पेशीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दहापटीहून जास्त असतो. दोन दाण्यांएवढ्याही नसलेल्या पेशी, आणि आत हे.

पूर्वी सगळं श्रेय पिठाला दिलं जायचं: दिवसा पिठाची साखर होते, साखर पाणी ओढते. १९४३ मध्ये इमामुरा या जपानी संशोधकाने पोटॅशियमचा संबंध दाखवला होता, पण त्याकडे जगाचं लक्ष जायला १९६०चं दशक उजाडलं. आमच्या जुन्या संदर्भ पुस्तकात अजून पीठच आहे. ते अगदीच खोटंही नाही, साखरेचाही वाटा असतो. पण मुख्य पात्र ते नव्हे.

२० सप्टेंबर

आजचा दिवस मायक्रोस्कोपला डोळा लावूनच गेला. कालपासून उघडा असलेला केन्याचा पापुद्रा, एक रंध्र मध्यभागी, फट १० मायक्रॉन. कव्हरस्लिपच्या एका कडेला अर्ध्या मोलर साखरेच्या द्रावणाचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच नाही. मग पापुद्र्यावरचा एक धुळीचा कण सरकला, म्हणजे द्रावण पोहोचलं. लगेच फटीची दोन्ही टोकं आधी जवळ आली, मध्यभाग मागे राहिला. फट पापणीसारखी अरुंद होत गेली. चौथ्या घरावरून तिसऱ्या, दुसऱ्या. दोन मिनिटांत नुसती एक काळी रेघ. पाणी सोडल्यावर परत उघडायला बराच वेळ लागला, आणि ती पूर्वीइतकी काही उघडली नाही.

पण पेशी फुगल्यावर फट रुंद का व्हावी? दोन फुगे शेजारी फुगवले तर मधली जागा कमी व्हायला हवी. पुस्तकात उत्तर असतं की आतली भिंत जाड असते म्हणून पेशी वाकते. लांबट फुगे घेऊन करून पाहिलं. फुग्याच्या एका बाजूला सेलोटेपची लांब पट्टी लावली: वाकतो, पण थोडाच, आणि जाडही होतो. मग आडव्या पट्ट्या कड्यांसारख्या गुंडाळल्या आणि दोन फुग्यांची टोकं एकमेकांना बांधली. आता फुगवलं की जाड होता येत नाही, लांबच व्हावं लागतं. टोकं बांधलेली, म्हणून दोघेही बाहेर कमानीसारखे वाकतात आणि मध्ये छान फट पडते. खऱ्या पेशीत या कड्यांचं काम सेल्युलोजचे तंतू करतात, ते फटीपासून बाहेरच्या दिशेने आडवे गुंडाळलेले असतात. १९७३ मध्ये एलर, पार्लांज आणि क्रिकोरियन यांनी हेच फुग्यांनीच दाखवलं होतं. जाड भिंतीची गोष्ट इतकी वर्षं का टिकली कोण जाणे. चित्रात काढायला सोपी आहे म्हणून असेल.

२५ सप्टेंबर

आता अख्खं रोप. सूर्यफुलाची कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड खोडाभोवती घट्ट बांधलं, म्हणजे मातीतून वाफ जाणार नाही. जे वजन घटेल ते पानांतून गेलेलं पाणी. खिडकीत ठेवून दर दोन तासांनी वजन, सकाळी ६ पासून: ४, ९, १४, १३, १२, ८, ३ ग्रॅम. रात्री ८ ते सकाळी ६ या दहा तासांत मिळून ५. चोवीस तासांचे मिळून ६८.

दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या. रात्री शून्य नाही. मिटलेली रंध्रं पूर्ण हवाबंद नसतात आणि क्यूटिकलमधूनही थोडं झिरपतं. दुसरी जास्त मजेची: १२ ते २ मध्ये हवा सर्वांत कोरडी होती, तापमान सर्वांत जास्त, तरी पाणी १० ते १२ पेक्षा वाढलं नाही, एक ग्रॅम कमीच. फटी तशाच राहिल्या असत्या तर आकडा वाढायलाच हवा होता. म्हणजे ऐन उजेडात रोपाने फट थोडी आवळली. दिवसा उघडतात हे वाक्य आणखी एकदा अपुरं.

२६ सप्टेंबर

तोडलेलं पान मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवलं, दर मिनिटाला वजन. वाटलं होतं की घट हळूहळू कमी होत जाईल. झालं असं: पहिली तीन मिनिटं दर मिनिटाला १२, ११, १२ मिलिग्रॅम. चौथ्यापासून १५, १६, १६. मग उतार. विसाव्या मिनिटाला ७, चाळिसाव्याला २.

काटा बिघडला म्हणून दुसरं पान घेतलं. तेच. तिसरं. तेच.

पाण्याचा पुरवठा तुटल्यावर पान आधी जास्त पाणी का उधळेल? उत्तर रक्षक पेशींत नसून शेजाऱ्यांत आहे. आजूबाजूच्या पेशी सतत रक्षक पेशींना आतल्या बाजूला रेटत असतात. पान तोडलं की सगळ्यांचाच दाब उतरतो, पण शेजाऱ्यांचा रेटा सुटल्याचा परिणाम आधी जाणवतो, आणि फट क्षणभर आणखी रुंद होते. रक्षक पेशींनी स्वतः क्षार सोडून मिटायला वेळ लागतो. याला इव्हानोव्ह परिणाम म्हणतात. मी तीन पानं वाया घालवून जे शोधलं त्याला आधीच नाव होतं.

यावरून पद्धतीची एक चूक उघडी पडते: केन्याची पानं तोडून टेबलापर्यंत आणायला मला चार-पाच मिनिटं लागायची. आता पापुद्रा रोपाजवळच काढते.

१ ऑक्टोबर

एक गुणाकार करून बसले आणि तो खोटा वाटतो आहे. सूर्यफुलाच्या फटीचा आकार ठशावरून घेतला, १८ बाय ६ मायक्रॉन. ठसा फट मोठी दाखवतो हे माहीत आहे, म्हणजे हा जास्तीत जास्त अंदाज. एका फटीचं क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस मायक्रॉन. खाली १७६ रंध्रं, म्हणजे पानाच्या दीड टक्का. वर एक टक्का. उरलेला ९८ टक्क्यांहून जास्त भाग मेणचट क्यूटिकलने झाकलेला.

मग पानाच्या आकाराचा टिपकागद कापून भिजवला आणि पानाच्या शेजारी टांगला. कागदातून मिनिटाला २७ मिलिग्रॅम. पानातून, तोडल्या तोडल्या, १२. शेकडा दीड जागेतून शेकडा ४४ पाणी.

ब्राउन आणि एस्कम यांनी १९०० मध्ये याचं उत्तर दिलं होतं. बारीक भोकातून बाहेर पडणारे रेणू सरळ वर जात नाहीत, कडेवरून पंख्यासारखे सगळीकडे पसरतात. त्यामुळे स्थिर हवेत वेग भोकाच्या क्षेत्रफळावर नाही, व्यासावर अवलंबून असतो. एका मोठ्या भोकाऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाची शंभर छोटी भोकं केली तर व्यासांची बेरीज दहापट होते. मात्र भोकं फार दाटीने असली की त्यांचे पंखे एकमेकांत घुसतात आणि फायदा घटतो. दोन रंध्रांत एका पेशीचं अंतर ठेवण्याचा नियम इथे पुन्हा आठवला.

४ ऑक्टोबर

पाऊस, प्रयोग नाही. हिशेब.

रंध्राचं खरं काम कार्बन डायऑक्साइड आत घेणं. पाणी जातं ती त्याची किंमत, कारण तेच दार. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२० धरला, तर साध्या वनस्पतीच्या पानाच्या आत तो साधारण ७० टक्के, म्हणजे २९४. आत ओढणारा फरक १२६. पाण्याचं उलट: पानाच्या आतली हवा जवळपास संपृक्त असते. ३० अंशांना संपृक्त बाष्प दशलक्ष भागांत सुमारे ४२,०००; बाहेर ५० टक्के आर्द्रता असेल तर फरक २१,०००. शिवाय पाण्याचा रेणू हलका, तो १.६ पट वेगाने पसरतो. भागाकार केला की कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे २६५ रेणू जातात.

आता ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता. संपृक्त बाष्प ६५,०००च्या वर, फरक ४९,०००. भागाकार ६२०च्या पुढे. तोच कार्बन, दुपटीहून महाग. २५ तारखेला दुपारी १२ ते २ मध्ये जो एक ग्रॅम कमी आला होता, तो आता निराळा दिसतो.

मका यात थोडा सुटतो. तो कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या विकराने पकडतो, त्यामुळे पानाच्या आत त्याचं प्रमाण बरंच खाली उतरतं, ओढ वाढते आणि त्याच कार्बनसाठी फट कमी उघडली तरी भागतं.

८ ऑक्टोबर

पानफुटी. कोबाल्ट क्लोराइडचे निळे कागद (ओल लागली की गुलाबी होतात) पानाच्या खालच्या बाजूला लावून दोन काचपट्ट्यांत घट्ट बसवले. सूर्यफुलाच्या पानावर दुपारी कागद पाच मिनिटांत गुलाबी झाला. पानफुटीवर दुपारी चाळीस मिनिटांनीही निळाच. रात्री ११ वाजता तोच प्रयोग: पानफुटीवर बारा मिनिटांत गुलाबी कडा दिसली. सूर्यफुलावर तेव्हा निळा.

पहाटे पानाचा रस काढून पीएच कागद लावला: ४. संध्याकाळी ५: ५.५. रात्री गार हवेत दार उघडून घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा, दिवसा दार बंद करून तो वापरायचा. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारनंतर बेचव, हे बेंजामिन हाइन यांनी १८१५ मध्येच लिहून ठेवलं होतं. मी चाखून पाहिलं नाही, पीएच कागदावर भागवलं.

कोवळ्या पानांवर मात्र फरक पुसट आला. ही सवय पान जून होताना पक्की होते, त्यामुळे एकाच रोपावर दोन्ही तऱ्हा दिसल्या.

१२ ते १७ ऑक्टोबर

सूर्यफुलाच्या दोन सारख्या कुंड्या. एकीला रोज गेलेलं पाणी परत, दुसरीला १२ तारखेपासून काहीच नाही. पहिलीचे रोजच्या घटीचे आकडे ६६ ते ७३ ग्रॅममध्ये राहिले. दुसरीचे: ६८, ७१, ६४, ४९, ३१, १८.

१५ तारखेला, ४९ ग्रॅमच्या दिवशी, दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून मॅडमना विचारलं की तहानलेली कोणती. त्यांनी चुकीची दाखवली. पानं तितकीच ताठ होती. म्हणजे पानात पाण्याची टंचाई दिसण्याआधीच फटी मिटायला लागल्या होत्या.

बातमी कुठून आली? १९८५ मध्ये ब्लॅकमन आणि डेव्हिस यांनी मक्याच्या रोपाची मुळं दोन कुंड्यांत विभागून एकच कुंडी सुकवली. पानांना पाणी पुरत होतं, तरी रंध्रं आवळली. तेव्हा मानलं गेलं की सुकणारी मुळं ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बनवून वर पाठवतात. नंतर हे आम्ल बनवू न शकणाऱ्या टोमॅटोची कलमं करून पाहिली, तेव्हा रंध्रं मिटतात की नाही हे मुळापेक्षा वरच्या फांदीवर जास्त अवलंबून असल्याचं दिसलं. पान स्वतःही ते आम्ल बनवतं. आम्ल रक्षक पेशीत पोहोचलं की ऋण आयनांची दारं उघडतात, मागोमाग पोटॅशियम बाहेर, मग पाणी, आणि पेशी ढिली. १८ सप्टेंबरच्या पोटॅशियमच्या बशीत जे आत गेलं होतं, तेच उलट्या पावली.

१७ तारखेला दुपारी पानं माना टाकून खाली आली. संध्याकाळी ६ वाजता भरपूर पाणी घातलं.

१८ ऑक्टोबर

पाणी घातल्यावर तीन तासांतच पानं उभी राहिली होती. रात्री ९ वाजता झोपेला आलेली मी ती बघून खूश झाले आणि प्रयोग संपला म्हणून वहीत रेघही ओढली. आज दिवसभराचं वजन घेतलं ते केवळ सवयीने. २६ ग्रॅम. शेजारच्या कुंडीचे ६९.

पानं ताठ, माती ओली, ऊन तेच, आणि फटी अजून निम्म्याहून जास्त बंद.

२० ऑक्टोबर

काल ४४. आज ६३. शेजारचीचे ६७. केन्याच्या ताज्या पापुद्र्यांसाठी उद्या सकाळी ६ला यायचं आहे. आता त्याचंही एक रोप तहानलेलं ठेवलं आहे, म्हणजे या तीन दिवसांत फट खरोखर किती मायक्रॉनची असते ते ओठांच्या आतून मोजता येईल.